इथे पाणी जिरवू नका

विदर्भातल्या वणीहून घुग्घूसकडे जाताना लांबवर टेकड्या दिसतात. नवखा माणूस फसतो. माथा पाटासारखा सपाट, कडा तासलेल्या, अंगावर झाडांऐवजी घळी. खुल्या खाणीतून एक टन कोळसा काढायचा तर वरची कित्येक घनमीटर माती, मुरूम आणि वाळूखडक उपसावा लागतो. त्याचेच हे ढिगारे. इंग्रजीत ‘ओव्हरबर्डन’, इकडे सगळे त्याला नुसतं ‘ओबी’ म्हणतात.

कोळसा संपतो, ओबी राहते. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. ढिगाऱ्याची माती नाल्यात उतरते, तिथून वर्धा नदीत जाते. नाला उथळ झाला की पुराचं पाणी वावरात शिरतं आणि पऱ्हाटीच्या बुडाशी गाळाचा थर बसतो. मग गावातली मंडळी टिकास-फावडी घेऊन श्रमदानाला निघतात आणि डोक्यात असतं ते आपल्या हाडीमासी मुरलेलं ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. चला, ढिगाऱ्यावर समतल चर खणू!

नेमकं हेच करायचं नसतं.

खळ्यात तुरीची रास घालून बघा. कितीही ओता, रास पसरते, पण तिचा उतार एका मर्यादेपलीकडे उभा होत नाही. ट्रकने ओतलेली ओबीही अशीच ३५ ते ४० अंशांवर थबकते. कणाला कण घासून धरतो, एवढाच तिला आधार. नैसर्गिक टेकडीसारखी ती हजारो वर्षं दबून बसलेली नसते. चरात साठलेलं पाणी आत झिरपलं की कणांमधल्या फटी भरतात, तो दाब कणांना एकमेकांपासून ढकलतो, वजनही वाढतं आणि अख्खा उतार खाली बसतो. म्हणून मागे लागायचं ते ढिगारा पायऱ्यापायऱ्यांचा करून एकूण उतार २८ अंशांच्या आत आणण्याच्या. ते काम यंत्रांचं आणि खाणवाल्यांचं, श्रमदानाचं नव्हे. त्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय चढूही नये.

दुसरं कारण रसायनाचं. कोळशाच्या थरांत पायराईट असतं, लोह आणि गंधकाचं पितळी चमकेचं खनिज. जमिनीखाली ते निवांत पडून असतं. हवा आणि पाणी दोन्ही मिळाली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं. शिवाय या आम्लातच सुखाने नांदणारे जिवाणू ही क्रिया कैकपट वेगाने रेटतात. नाल्यातल्या दगडांवर नारिंगी साय दिसते, ती या लोहाची.

विदर्भाच्या कोळशात गंधक तसं कमी, त्यामुळे प्रत्येक नाला आंबट निघेलच असं नाही. आधी तपासा. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात सोडा. त्या रंगात लिंबू पिळलं तर गडद गुलाबी, खायचा सोडा टाकला तर हिरवट. मुलांना दाखवायला झकास, पण सौम्य आम्लाला हा रंग दाद देत नाही. नाल्यासाठी पीएच पट्टीच घ्या. ७ वरून ४ वर आकडा आला म्हणजे आम्लता हजारपट वाढली.

मग श्रमदान करायचं कुठे? ढिगाऱ्याच्या पायथ्याशी आणि त्याखालच्या नाल्यात. पायथ्याभोवती चर काढून पाणी गाळ बसायच्या तळ्याकडे वळवायचं, नाल्यात अनघड दगडांचे बांध घालायचे. पुढे वावरात, धुऱ्याला मात्र पाणी खुशाल जिरवा.

परवानगी मिळालीच तर उतारावर पहिली लावणी गवताची. झाडाचा मोह आवरत नाही हे मान्य, पण ओबीत सेंद्रिय काही नसतं आणि मातीतले जिवाणूही जवळजवळ नसतात. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा प्रेसमड, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी घालून झाडं उभी केली. शेणखत आणि करंज, शिसूसारखी मुळांवर गाठी धरणारी झाडं, ही गावाला झेपणारी तीच वाट.

पाणी आंबट असेल तर वाटेत चुनखडक पसरायचा. वणी-कोरपन्याकडे त्याला तोटा नाही. कोळसा आणि त्यावरचा उतारा एकाच मुलखात! पण वर्ष-दोन वर्षांत त्या दगडांवर लोहाचं नारिंगी कवच चढतं आणि आतला चुना पाण्याला भेटेनासा होतो. त्यामुळे मृग लागायच्या आधी सगळ्यांनी नाल्यात उतरून दगड घासायचे, उलटे करायचे, कवच फारच चढलं असेल तर बदलायचे. फोटोत काही येत नाही या कामाचं, आणि दुसऱ्या वर्षी हात कमी पडतात ते इथेच.