शेतातील वस्तीसाठी सौर पंप, घरगुती वीज आणि बायोगॅस: सोलापूर जिल्ह्यातील अर्ज, पात्रता व कागदपत्रे

सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, करमाळा या तालुक्यांत गावठाणापासून दूर, स्वतःच्या रानात वस्ती करून राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. विजेचा खांब लांब असल्यामुळे अशा अनेक वस्त्यांवर अजून महावितरणची जोडणी पोहोचलेली नाही आणि एकदा ‘सोलर’ मंजूर झाले की विहिरीचे पाणी, घरातील दिवे व पंखे या सगळ्यांची सोय होईल, असा समज तेथे सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पाणी उपसण्यासाठीचा पंप, घरातील वीज आणि स्वयंपाकाचा गॅस या तीन गोष्टींच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. पंपासाठी भरघोस अनुदान आहे, बायोगॅससाठी मर्यादित अनुदान आहे आणि जोडणी नसलेल्या घरातील बॅटरीवरच्या विजेचा खर्च मात्र बहुधा स्वतःच करावा लागतो.

सौर पंपासाठी सध्याचा मुख्य मार्ग म्हणजे राज्य शासनाची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना होय. ती २०२४ मध्ये सुरू झाली असून महावितरणमार्फत राबवली जाते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘पीएम-कुसुम’ योजनेतील घटक ‘ब’, म्हणजे वीजवाहिनीला न जोडलेले स्वतंत्र सौर पंप, हा तिचा आधार आहे. सर्वसाधारण प्रवर्गातील शेतकऱ्याने पंपाच्या किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. उरलेली रक्कम केंद्र व राज्य शासनाच्या अनुदानातून भागवली जाते.

पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावर ठरते. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्ती आणि पाच एकरांपेक्षा अधिक क्षेत्रासाठी ७.५ अश्वशक्तीचा पंप अनुज्ञेय आहे. पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते, त्यामुळे अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर एक आर, हे लक्षात ठेवून हिशेब करावा.

पात्रतेच्या अटी तशा थोड्या आहेत. शेतात कृषिपंपासाठी पारंपरिक वीजजोडणी नसावी, शाश्वत पाण्याचा स्रोत असावा आणि अटल सौर कृषी पंप योजना किंवा मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना यांचा लाभ पूर्वी घेतलेला नसावा. विहीर, बोअरवेल, वैयक्तिक किंवा सामुदायिक शेततळे, बारमाही नदी-नाला यांपैकी कोणताही स्रोत चालतो. मात्र जलसंधारणाच्या कामांतून निर्माण झालेल्या साठ्यातील पाणी या पंपाने उपसता येत नाही. भीमा किंवा सीना नदीतून पाणी उचलायचे असल्यास जलसंपदा विभागाच्या उपसा परवानगीची चौकशी आधीच करून ठेवावी. कृषिपंपाच्या जोडणीसाठी पूर्वी पैसे भरूनही जोडणी न मिळालेल्या शेतकऱ्यांना या योजनेत प्राधान्य आहे, म्हणून जुनी पावती जपून ठेवणे हिताचे ठरते.

कागदपत्रांपैकी आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, छायाचित्र आणि लागू असल्यास जातीचा दाखला यांची फारशी अडचण येत नाही. अर्ज अडतो तो सातबाऱ्यावर, आणि तोही प्रामुख्याने दोन कारणांनी.

पहिले कारण म्हणजे पाण्याच्या स्रोताची नोंद. वडिलांच्या काळात खणलेली विहीर शेतात डोळ्यांसमोर असते, परंतु सातबाऱ्यावर तिचा उल्लेख नसतो. बोअरवेलच्या बाबतीत तर ही उणीव नेहमीचीच आहे. योजनेत स्रोताची नोंद असलेला उतारा मागितला जात असल्याने, अर्ज भरण्याच्या आधीच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, लेखी अर्ज देऊन ही नोंद करून घ्यावी. त्यासाठी स्थळपाहणी व त्यानंतरची मंजुरी यांत वेळ जातो. हे काम अर्जासोबत उरकू, असे ठरवणाऱ्यांचे अर्ज त्रुटीत निघतात. नोंद झाल्यानंतर महाभूमी या राज्य शासनाच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा नवा सातबारा काढावा, कारण जुन्या उताऱ्यावर नवी नोंद अर्थातच दिसणार नाही. या उताऱ्याचे शुल्क १५ रुपये असून तो शासकीय कामासाठी ग्राह्य धरला जातो.

दुसरे कारण म्हणजे सामाईक खाते. भावांमध्ये तोंडी वाटप झालेले असते आणि प्रत्येक जण आपापले रान कसत असतो, पण उताऱ्यावर मात्र सर्वांची नावे एकत्र असतात. अशा वेळी इतर सहहिस्सेदारांचे ना-हरकत पत्र मुद्रांक कागदावर द्यावे लागते. योजनेच्या माहितीत २०० रुपयांच्या मुद्रांकाचा उल्लेख आहे, परंतु मुद्रांकाच्या नियमांत नंतर बदल झालेले असल्याने आज कोणता कागद लागेल, हे खरेदीपूर्वी सेतू केंद्रात विचारून घ्यावे. विवाहित बहिणींची नावे वारस म्हणून लागलेली असल्यास त्यांचीही संमती लागते, आणि ती गृहीत धरून चालत नाही. मयत खातेदाराचे नाव उताऱ्यावर तसेच राहिले असेल, तर वारस नोंद पूर्ण केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

शेत भूजलाचा अतिउपसा झालेल्या, म्हणजे ‘डार्क झोन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रात येत असल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा ना-हरकत दाखलाही जोडावा लागतो. आपले गाव त्यात आहे किंवा नाही, याची खात्री यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातच करावी, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरील सौर कृषी पंपाच्या विभागात ऑनलाइन भरला जातो. स्वतः भरणे शक्य नसल्यास सीएससी (सामाईक सेवा केंद्र) किंवा सेतू केंद्राची मदत घ्यावी, परंतु मोबाइल क्रमांक शेतकऱ्याचा स्वतःचाच द्यावा. पुढील प्रत्येक सूचना त्याच क्रमांकावर येते, आणि केंद्रचालकाचा क्रमांक दिल्यामुळे पैसे भरण्याचा संदेश शेतकऱ्यापर्यंत न पोहोचण्याचा धोका राहतो. अर्जात जमीन, पाण्याचा स्रोत व त्याची खोली, सिंचनाची सध्याची पद्धत, पिके आणि हवा असलेला पंप यांचा तपशील भरायचा असतो. अर्ज दाखल झाल्यावर मिळणारा क्रमांक लिहून ठेवावा.

छाननीत कागदपत्रे योग्य आढळल्यास लाभार्थी हिस्सा, म्हणजे वर सांगितलेली १० किंवा ५ टक्के रक्कम, भरण्याची सूचना येते. ही रक्कम पोर्टलवरूनच भरावी. ‘पीएम-कुसुम’च्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून नोंदणी शुल्क उकळण्याचे प्रकार घडलेले असून केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने त्याविषयी वेळोवेळी सावध केलेले आहे. पैसे भरल्यानंतर यादीतील पुरवठादार कंपन्यांपैकी एक निवडण्याचा अधिकार शेतकऱ्याला असतो. त्या वेळी किमतीची घासाघीस करण्याचा प्रश्न नसल्याने, आपल्या तालुक्यात कोणत्या कंपनीचा दुरुस्ती करणारा माणूस खरोखर येतो, एवढीच चौकशी शेजारच्या गावांतून करावी.

यानंतर महावितरण, पुरवठादार आणि शेतकरी यांची संयुक्त पाहणी होते. या पाहणीला शेतकऱ्याने स्वतः हजर राहणे अत्यंत आवश्यक आहे. पाणी किती खोलवरून उचलायचे आणि कुठपर्यंत चढवायचे, यावर पंपाचा प्रकार निश्चित होतो, आणि तेथे सांगितलेला आकडा चुकला तर पुढे पाणी कमी पडते. सौर पंपाची शक्ती ठरलेली असल्याने खोली दुप्पट झाली की मिळणारे पाणी जवळपास निम्मे होते. म्हणून विहिरीची पावसाळ्यातील पातळी न सांगता उन्हाळ्यातील पातळी सांगावी. पॅनेल दक्षिणाभिमुख आणि दिवसभर सावली न पडणाऱ्या जागी बसवावेत. सोलापूरच्या अक्षांशाला सुमारे १७ ते १८ अंशांचा कल योग्य ठरतो. संचाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा असतो. चोरी किंवा वादळाने नुकसान झाल्यास तत्काळ कळवावे आणि चोरीच्या प्रसंगी पोलिसांत फिर्याद नोंदवावी.

हा पंप थेट उन्हावर चालतो, त्यामुळे रात्रीच्या दिव्यांसाठी त्यावर विसंबता येत नाही. दुसरीकडे, २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतील अनुदान वीजवाहिनीला जोडलेल्या छतावरील संचासाठी असून त्याला वैध वीजजोडणी लागते. खांबच नसलेल्या वस्तीला त्याचा उपयोग होत नाही. घरासाठी स्वतंत्र पॅनेल व बॅटरी खरेदी करायची असल्यास कोणत्याही अर्जाची गरज नाही, फक्त हिशेब नीट करावा. ९ वॅटचे चार दिवे पाच तास आणि ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास चालवल्यास रोज सुमारे पाऊण युनिट वीज लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत १.८ युनिट साठतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, या बेताने ती एका रात्रीला पुरते. सलग ढगाळ दिवसांसाठी अधिक साठा हवा.

बायोगॅससाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात लहान संयंत्रांना अनुदान असून शौचालय जोडल्यास काही अधिक रक्कम मिळते. अर्जासोबत सामान्यतः आधार, सातबारा किंवा आठ-अ आणि बँक खात्याचा तपशील लागतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि जवळपास तेवढेच पाणी लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. टँकरवर अवलंबून असलेल्या वस्तीने उन्हाळ्यात या पाण्याची तजवीज कशी करणार, हे ठरवल्यावरच अर्ज द्यावा, आणि मंजुरीचे पत्र हाती येण्यापूर्वी खड्ड्याची खोदाई सुरू करू नये.