हातातला व्हिडिओ गेम स्वतः जोडा : किटसोबतचे माहितीपत्रक

डबा उघडल्यावर पहिला मोह होतो तो पडदा बसवून, सेल घालून लगेच बघण्याचा. तो आवरा. आमच्या फोंड्याच्या दुकानात "चालत नाही हो" म्हणून जे किट परत येतात, त्यांत सुटा भागच खराब निघाला असे क्वचित होते. बहुतेक वेळा कुठेतरी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, असतो, नाहीतर काहीतरी उलटे बसलेले असते. दोन्ही चुका चिप बसवण्याआधी पाच मिनिटांत सापडतात. हे पत्रक मुख्यतः त्या पाच मिनिटांसाठी लिहिले आहे.

डब्यात काय आहे, आणि तेच का

किटचा मेंदू म्हणजे एटीमेगा ३२८पी ही २८ पायांची चिप. खेळ साठवायला तिच्यात ३२ केबी जागा आहे आणि चालू कामासाठी रॅम फक्त २ केबी. पडदा ०.९६ इंचाचा ओलेड, म्हणजे ठिपके स्वतःच उजळणारा, आहे, त्यावर आडवे १२८ आणि उभे ६४ ठिपके. म्हणजे एकूण ८१९२. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी पडद्याचे एक चित्र १०२४ बाइट खाते. अर्धी रॅम तिथेच संपली! साप, चेंडू, विटांची भिंत, स्कोअर हे सगळे उरलेल्या अर्ध्यात बसवलेले आहे. ज्यांना पुढे स्वतः खेळ लिहायचा आहे त्यांनी हा हिशेब पाठ करून ठेवावा.

मोबाइलच्या जमान्यात असला काळा-पांढरा पडदा कशाला, असे एका ग्राहकाने तोंडावर विचारले होते. १९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला, त्याचा पडदाही रंगीत नव्हता. १६० बाय १४४ ठिपके, ८ केबी रॅम, चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी अटारीने रंगीत पडद्याचा लिंक्स काढला. त्याला सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. खपला गेम बॉय. तो घडवणारे गुनपेई योकोई यांचा भर जुन्या, स्वस्त, रुळलेल्या तंत्रातून नवे काही काढण्यावर होता. आपल्याकडच्या जत्रा-फेस्तांच्या फेरीत नव्वदच्या दशकात मिळणारा विटांचा गेम ज्यांनी बोटे दुखेपर्यंत खेळला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सेलबद्दल दोन शब्द. आम्ही रिमोटमधले बारीक सेल तीन दिले आहेत. चार्ज होणारी लिथियमची पाकिटबंद बॅटरी मुद्दाम दिलेली नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात तापलेला सोल्डरिंग आयर्न आणि शेजारी लिथियम, हे आम्हाला पटत नाही. चिपला ठेका देणारा क्रिस्टलही १६ मेगाहर्ट्झचा न देता ८ चा दिला आहे, त्याचे कारण हेच सेल. १६ वर ही चिप भरवशाने चालायला पावणेचार व्होल्टच्या वर वीज हवी, आणि तीन सेल अर्धे उतरले की तेवढी मिळत नाही. ८ वर तिला अडीच व्होल्टसुद्धा पुरतात, त्यामुळे सेल पार निथळेपर्यंत वापरता येतात. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे सेलही चालतील. बारीक अल्कलाइन सेलची ताकद साधारण १००० मिलिअँपिअर-तास आणि किट ओढतो पंचवीसच्या आसपास. भागाकार तुम्ही करा, आम्ही आपले तीस तास सांगतो. ओलेडमध्ये पेटलेला ठिपकाच वीज खातो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीचे खेळ जास्त चालतात.

दर आठवड्याला कुणीतरी सांगते, "पाकिटात सहा रेझिस्टर कमी आहेत." कमी नाहीत. बटणाचा एक पाय थेट ग्राउंडला, म्हणजे सेलच्या उण्या बाजूला, जातो आणि त्याला लागणारा रेझिस्टर चिपच्या पोटातच असतो, २० ते ५० किलोओमच्या दरम्यानचा. प्रोग्रॅम तो आतून चालू करतो. बटण सोडलेले असेल तर चिपला १ दिसतो, दाबले की ०. उलटे वाटते, पण तसेच आहे.

जोडणी

बुटके भाग आधी, उंच भाग नंतर. रेझिस्टर, १०४ छापलेले सिरॅमिक कपॅसिटर, क्रिस्टल आणि त्याच्या शेजारचे २२ पिकोफॅरडचे दोन, मग चिपचा सॉकेट, बटणे, बझर, स्विच, शेवटी सेलचा खोका. तपकिरी-काळा-नारिंगी पट्ट्यांचा रेझिस्टर १० किलोओमचा, तो चिपच्या रिसेट पायाला. उभ्या नळकांड्या कपॅसिटरचा लांब पाय अधिकच्या भोकात जातो, अंगावरची पट्टी उण्याची बाजू दाखवते. बटण बोर्डावर दोनच तऱ्हेने बसते आणि दोन्ही तऱ्हा बरोबर आहेत, त्यात डोके घालू नका.

सोल्डरकडे मात्र लक्ष द्या. २५ वॅटचा आयर्न पुरे. ६०/४० (कथील ६०, शिसे ४०) सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतो, पण आयर्नचे टोक ३०० च्या वर असते, म्हणून नवशिक्याला वाटते की टोकावर सोल्डर वितळवून तो थेंब जोडावर ठेवला की काम झाले. इथेच चुकते. टोक आधी पायाला आणि बोर्डावरच्या तांब्याला एकाच वेळी टेकवा, मनात दोन मोजा, मग सोल्डरची तार टोकाला न लावता त्या तापलेल्या पायाला लावा. सोल्डर पायावर चढत जातो आणि छोट्या डोंगरीसारखा चकचकीत बसतो. भिंगाखाली वाईट जोड ओळखायला सोपा आहे. अळवाच्या पानावर पाणी बसते तसा तो गोळा होऊन राहतो, पानाला धरत नाही.

गेल्या चवथीच्या सुट्टीत सत्तरी तालुक्यातून एक आजोबा नातीला घेऊन दुकानात आले होते. पडदा लागत नव्हता. नातीचे जोड बघून आजोबा म्हणाले, "भांड्याला डाख देताना भांडे तापवतात की डाख?" आम्ही तीन वाक्ये खर्चून सांगत होतो ते त्यांनी एकात सांगितले. मुलीने तिथेच चिपच्या सॉकेटचे, पडद्याकडे माहिती नेणारे सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरचे पाय पुन्हा तापवले आणि पडद्यावर साप वळवळला.

सोल्डरमध्ये शिसे असते. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, आणि काम चालू असताना टेबलावर पाव-भाजी नको. धूर शिशाचा नसतो, सोल्डरमधल्या रोझिनचा (राळेचा) असतो, तरी खिडकी उघडी ठेवा. दहा वर्षांखालच्या मुलांनी आयर्न धरू नये. भाग निवडून द्यायचे काम त्यांचे.

आता ती पाच मिनिटे

चिप आणि पडदा अजून डब्यातच आहेत. सेल घाला, स्विच चालू करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक सॉकेटच्या ७ नंबरच्या भोकाला आणि काळे ८ च्या भोकाला लावा. नवे सेल असतील तर साडेचार ते पावणेपाच व्होल्ट दिसतील. २० (लाल) आणि २२ (काळे) मध्येही तेवढेच. आकड्याच्या आधी उणे चिन्ह आले तर सेलच्या खोक्याच्या तारा उलट्या लागल्या आहेत. चिप वाचली म्हणून देवाचे आभार माना आणि तारा बदला. काहीच दिसत नसेल तर स्विचचे सोल्डर बघा.

मग सेल काढा आणि चिप बसवा. चिपची खाच सॉकेटच्या खाचेकडे. नव्या चिपचे पाय जरा बाहेर फाकलेले असतात. टेबलावर कडेने हलके दाबून ते सरळ करा, नाहीतर एखादा पाय आत मुडपतो आणि वरून काही दिसत नाही.

पडद्याला चारच पाय आहेत : दोन विजेचे, दोन माहितीचे. बसवण्याआधी त्यावर छापलेली अक्षरे बोर्डावरच्या अक्षरांशी जुळवून बघा. बाजारात दिसायला हुबेहूब सारखे दोन प्रकारचे पडदे मिळतात, एकात जीएनडी (उणे) पहिला, दुसऱ्यात व्हीसीसी (अधिक) पहिला. आमच्याच टेबलावर घाईत असा एक पडदा जळला आहे, म्हणून हे ठळक सांगतो. बाहेरून १.३ इंचाचा मोठा पडदा आणून लावला आणि चित्र दोन ठिपके सरकून कडेला कचऱ्याची पट्टी दिसली, तर त्यात बहुधा एसएच११०६ ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारी वेगळी चिप, आहे. आमचा प्रोग्रॅम एसएसडी१३०६ साठी आहे.

चालू केल्यावर बझर पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्यासारखा दोनदा वाजला म्हणजे चिप जिवंत आहे. आवाज आला पण पडदा काळा, तर २७ आणि २८ नंबरचे जोड बघा. आवाजही नाही, तर ९ आणि १०, म्हणजे क्रिस्टल.

स्वतःचा खेळ लिहायचा असेल तर

बोर्डाच्या कडेला सहा पायांची जागा आहे. तिथे यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावून आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम टाकता येतो. बोर्ड निवडताना प्रो मिनी, ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झ. अडॅप्टर लावण्याआधी सेल काढा. पूर्ण पडदा रंगवायला तारेवरून निदान २३ मिलिसेकंद जातात, म्हणून सेकंदाला ३० चित्रांच्या वर हाव धरू नका. स्कोअर ईईप्रॉममध्ये, म्हणजे चिपच्या टिकाऊ स्मृतीत, राहतो आणि सेल काढले तरी पुसला जात नाही. पण त्यातली एक जागा साधारण एक लाख वेळा लिहिता येते, तेव्हा दर पॉइंटला लिहू नका, खेळ संपल्यावर एकदाच लिहा.

पावसाळा आणि खारा वारा

मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरताना घरात हवाबंद बरण्या निघतात. त्यातली एक या किटला द्या. न जोडलेले भाग जून ते सप्टेंबर उघडे राहिले की त्यांचे पाय मळकट होतात आणि सोल्डर धरत नाही. तसे झालेच तर शाळेच्या खोडरबराने पाय घासा, पुरते. किनाऱ्याजवळच्या घरांत सेलच्या खोक्याच्या स्प्रिंगला महिन्याभरात गंज दिसतो. खेळणे थांबले की सेल बाहेर. फुटलेला सेल बोर्डाचे जे करतो ते कुठलाही पाऊस करत नाही.

दुरुस्ती

जोडलेला किट चालला नाही तर दुकानात घेऊन या. तपासणी फुकट, भाग बदलला तर भागाचेच पैसे. फुटलेला किंवा उलटा लावून जाळलेला पडदा बदलून मिळणार नाही. आणताना सेल काढलेले असावेत, चिप सॉकेटमध्येच असू द्या, आणि बाहेरचे कव्हर गोंदाने चिकटवू नका. ते फोडण्यात आमचा अर्धा तास जातो. दुपारी एक ते चार दुकान बंद असते. त्या वेळी शटर वाजवलेत तरी आम्ही उठणार नाही.