इस्त्रीखालचं सर्किट

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसतेच. असते ती टोनरची बारीक पूड, म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिक. काळ्या रंगापुरती तिच्यात काजळी. प्रिंटरमधला गरम रोलर हे प्लॅस्टिक वितळवून कागदाला चिकटवतो. ते पुन्हा तापवलं की पुन्हा वितळतं, आणि या खेपेस तांब्यालाही चिकटतं. घरच्या घरी पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, करण्याची सगळी युक्ती एवढीच. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, त्यामुळे तो प्रिंटर इथे कुचकामी.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून कॉपर क्लॅडचा, म्हणजे तांब्याचा थर दिलेल्या बोर्डाचा, तुकडा आणला. त्यावरचा तांब्याचा थर सहसा 35 मायक्रॉनचा, केसाहून पातळ. तो घासणीने लख्ख घासायचा आणि मग बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथे टोनर धरत नाही. सर्किट छापायला मासिकाचा गुळगुळीत कागद उत्तम. त्यावर खनिज पुडीचा लेप असतो, तो पाण्यात सुटतो. कागद उपडा ठेवून तीन-चार मिनिटं कडक इस्त्री, वाफ बंद. (“त्याच इस्त्रीने माझी साडी करू नकोस,” असं आईने बजावल्यावर मी जुन्या बाजारातून वेगळी इस्त्री आणली.) मग बोर्ड पाण्यात भिजत टाकायचा. कागदाचा लगदा अंगठ्याने चोळून काढला, की तांब्यावर काळ्या रेघा उरतात. एखादी तुटलीच, तर मार्करने जोडायची.

पुढचं काम फेरिक क्लोराइडचं. त्यातलं लोखंड तांब्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावतं आणि तांबं द्रावणात उतरतं. बोर्ड बुडवताच चकाकी जाऊन तांबं फिकट गुलाबी होतं. मग कडेकडेने खालचा बोर्ड दिसू लागतो. टोनरखालचं तांबं वाचतं, पण पुरतं नाही. द्रावण बाजूनेही कुरतडतं, म्हणून केसासारख्या बारीक रेघांचा हट्ट धरू नये. भांडं प्लॅस्टिकचंच हवं; स्टीलचं असेल तर द्रावण तेही खातं. वापरलेलं पाणी मोरीत अजिबात ओतायचं नाही. विरघळलेलं तांबं माशांना मारक, आणि आपल्या मोऱ्यांचा शेवट मुठेत. धुण्याचा सोडा थोडाथोडा घातला की ते फसफसतं आणि तांब्या-लोखंडाचा गाळ खाली बसतो. तो बरणीत बंद करून घातक कचऱ्यात द्यावा.

शेवटी ॲसिटोनने टोनर पुसायचा आणि भोकं पाडायची.

फसगत होते ती आरशात. छाप उलटा उमटणार म्हणून मी पहिलं सर्किट हौसेने उलटवून छापलं. पण सॉफ्टवेअर बोर्डाची खालची, तांब्याच्या रेघांची (ट्रॅकची) बाजू वरून, आरपार पाहिल्यासारखी दाखवतं; म्हणजे ती आधीच उलटी असते. माझ्या 555 या टायमर आयसीचे (चिपचे) पाय समोरासमोर बदलले. बोर्ड फेकवेना, म्हणून आयसी ट्रॅकच्याच बाजूने बसवून सोल्डरचा डाग दिला. देवघराजवळचा तो एलईडी अजून लुकलुकतोय.