कोपराचा कोन : एका मोजमापाची पार्श्वभूमी

झाडावरून किंवा तालमीत हात टेकून पडलेल्या मुलाचे कोपराजवळचे हाड मोडते, प्लास्टर निघते, आणि मग कोल्हापुरातले आईवडील डॉक्टरांना आधी हेच विचारतात, की हात वाकडा तर बसला नाही ना. या प्रश्नाचे उत्तर ज्या कोनावरून ठरते त्याला वैद्यकात ‘कॅरिंग अँगल’ म्हणतात. हात पूर्ण सरळ करून तळवा समोर वळवला, तरी दंड आणि त्याखालचा हात एका रेषेत येत नाहीत. कोपराखालचा भाग अंगापासून किंचित बाहेर झुकतो. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला कप्पीसारखा जो भाग असतो, त्याची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा खाली उतरलेली असते आणि अल्ना, म्हणजे कोपराखालचे करंगळीच्या बाजूचे हाड, तिच्यावर तिरकी बसते, त्यामुळे हा झुकाव येतो.

या कोनाच्या मोजणीला वादाचे रूप आले ते एच. पी. पॉटर यांच्या १८९५ सालच्या निबंधापासून. त्यांनी दंड आणि हात यांमधला कोन पुरुषांत सरासरी १७३.१७ अंश, तर स्त्रियांत १६७.३५ अंश दिला, म्हणजे सरळ रेषेपासूनचा झुकाव (हाच कॅरिंग अँगल) अनुक्रमे ६.८३ आणि १२.६५ अंश. स्त्रियांचे कटिर रुंद आणि खांदे अरुंद, म्हणून झुलणारा हात कमरेला लागू नये यासाठी ही सोय आहे, असे स्पष्टीकरण पुढे पाठ्यपुस्तकांत रुळले. ओझे वाहताना हात अंगापासून दूर राहतो, हाही त्याच माळेतला युक्तिवाद. आपल्याकडे मात्र पंचगंगेवरून पाणी आणणाऱ्या बाईची घागर डोक्यावर नाहीतर कमरेवर असायची, हातात लोंबत नसे. त्यामुळे हे स्पष्टीकरण इथे फारसे पटत नाही.

पुढच्या मोजण्यांनी पॉटर यांच्या फरकालाच आव्हान दिले. स्टील आणि टॉमलिन्सन यांना १९५८ साली क्ष-किरण चित्रांवर स्त्री-पुरुषांत लक्षणीय फरक आढळला नाही. बील्स यांनी १९७६ साली ४२२ रुग्णांची चित्रे तपासली. त्यांनाही तो सापडला नाही, उलट वयानुसार कोन वाढतो आणि प्रौढांत सरासरी १७.८ अंश असतो असे दिसले. याउलट ग्रीसमध्ये परास्केवास आणि सहकाऱ्यांनी २००४ साली ६०० विद्यार्थ्यांचे हात मोजले, तेव्हा पुरुषांत १०.९७ आणि स्त्रियांत १५.०७ अंश अशी सरासरी आली, आणि ज्या हाताने माणूस कामे करतो त्या हातात कोन जास्त निघाला. पॉटर यांचे ६.८३ आणि बील्स यांचे १७.८ हे आकडे शेजारी ठेवले, की माणसांपेक्षा मोजण्याच्या पद्धतीच जास्त वेगळ्या असाव्यात, हे माझे मत पक्के होते. चित्रात रेषा हाडांच्या अक्षांवरून जातात. गोनिओमीटरने, म्हणजे कोन मोजायच्या साधनाने, हातावर मोजताना दंडाचा आणि मनगटाचा मध्य बोटांनी चाचपून ठरवावा लागतो. पैलवानाच्या दंडावर स्नायूंचा भार इतका, की बाहेरून दिसणाऱ्या रेषेवर विसंबणे धोक्याचे. कोपर जरा वाकले किंवा तळवा थोडा आत वळला तरी आकडा बदलतो. १९८४ साली अन, मॉरे आणि चाओ यांनी हेच रीतसर दाखवून दिले, की हात वाकवताना कोन कसा बदलतो याचे उत्तर कोनाची व्याख्या कोणती घेतली त्यावर अवलंबून असते.

मोडलेल्या कोपराच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी. प्लास्टरमधला हात वाकलेला असतो, त्यामुळे हा कोन मोजताच येत नाही, आणि जेव्हा मोजता येतो तेव्हा हाड जुळून गेलेले असते. म्हणून बाउमन यांनी १९२९ साली मांडलेला कोन कामाला येतो : दंडाच्या हाडाचा अक्ष आणि खालच्या टोकाच्या बाहेरील बाजूच्या वाढीच्या पट्टीची (मुलांचे हाड जिथून वाढते त्या थराची) रेषा यांमधला हा कोन समोरून घेतलेल्या चित्रावर, कोपर वाकलेले असतानाही काढता येतो. तो बिघडलेला दिसला, तर हाड पक्के जुळण्याआधी जागेवर आणून तारांनी धरून ठेवता येते. तसे न झाल्यास हात आतल्या बाजूला वळतो आणि बंदुकीच्या दस्त्यासारखा दिसतो. अशा हाताने बहुतेक कामे होतात, पण वाढत्या वयात हा दोष आपोआप सरळ होत नाही; तो दूर करायचा तर हाडाची पाचर कापून शस्त्रक्रिया करावी लागते.

किती अंशांना वाकडे म्हणायचे, यासाठी पुस्तकातल्या सरासरीचा उपयोग कमीच. तपासताना डॉक्टर मुलाचे दोन्ही हात शेजारी सरळ ठेवतात आणि दुसऱ्या, न मोडलेल्या हाताचा कोन आधी लिहून घेतात.