चंद्रावरचं घर: चकली पाडायची की वीट भाजायची?

‘परग्रहावर थ्रीडी प्रिंटरनं घरं’ अशी बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेला व्हिडिओ येतो. नळीतून करडा लगदा पडतोय, थरावर थर चढतोय, आणि खाली लिहिलेलं असतं ‘चंद्रावर असं बांधणार’. सिमेंट-पाण्याचा तो लगदा चंद्रावर उघड्यावर चालायचा नाही. छापील घराच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत आणि बातम्यांत त्यांची खिचडी होते.

पहिली रीत सोऱ्याची. दिवाळीत मावशी पहिली चकली पाडून नुसती बघत बसते. पीठ सैल झालं तर काटा येत नाही, घट्ट झालं तर मधेच तुटते. छापायच्या मिश्रणाचंही हेच दुखणं: नळीतून सरसर यायला हवं, पण पडल्यावर वरच्या थराचं ओझं पेलण्याइतकं लगेच ताठही व्हायला हवं. बंगळुरूचं २०२३ मधलं पोस्ट ऑफिस असंच छापलेलं. नासाच्या ज्या ‘मंगळावरच्या घरात’ चौघे ३७८ दिवस राहिले, तेही असंच. १,७०० चौरस फूट, म्हणजे चांगला ऐसपैस थ्री बीएचके. फक्त तो ह्यूस्टनमध्ये आहे.

दुसरी रीत भट्टीची. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे लगद्यातलं पाणी सिमेंट धरायच्या आत उडून जाईल. शिवाय पाणी पृथ्वीवरून न्यायचं तर परवडणार कसं? म्हणून तिथली माती कोरडीच तापवायची. पूर्ण वितळवायची नाही, कणांच्या कडा एकमेकींना चिकटतील एवढीच. युरोपीय अवकाश संस्थेनं २०१७ मध्ये जर्मनीत कोलोनला आरशांनी ऊन एकवटून, चंद्राच्या मातीसारखी माती १,००० अंशांवर भाजत एकेक पातळ थर चढवला. २० बाय १० बाय ३ सेंटिमीटरची एक वीट व्हायला पाच तास लागले. काही विटांच्या कडा आधी थंड झाल्या आणि त्या वाकल्या. वीटभट्टीवाल्याला यात नवल वाटणार नाही.

माती मात्र आपल्या ओळखीची. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचे, आणि पुण्यातलं पाताळेश्वराचं लेणं कोरलंय तेही बेसॉल्टमध्येच. फरक कणांत आहे. तिथं वारा-पाणी नसल्यानं कण घासून गोल होत नाहीत. आपल्या क्रश सँडपेक्षाही धारदार राहतात.

मंगळासाठी सोऱ्या अगदीच बाद नाही. नासाच्या स्पर्धेत २०१९ मध्ये जिंकलेल्या घराला पाणी लागलंच नव्हतं: बेसॉल्टचे तंतू घातलेलं प्लास्टिक वितळवून नळीतून सोडलं होतं. मला हाच मार्ग जास्त पटतो.

खरी पंचाईत पुढेच आहे. आपल्याला स्लॅब कोसळायची भीती. तिथं घर फुटायची. आत पृथ्वीइतक्या दाबाची हवा भरली तर भिंतीच्या दर चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा जोर बाहेरच्या दिशेनं येतो. वरच्या ओझ्याखाली घट्ट उभी राहणारी सिमेंटची भिंत किंवा भाजलेली वीट अशी ताणली गेली की तडकते. त्यामुळे चंद्रावरच्या घराच्या २०१३ मधल्या एका युरोपीय आराखड्यात हवा धरायला आत फुगवायचा घुमट आहे, आणि छापलेलं जाड कवच आहे ते उल्का नि किरणांपासून आडोसा म्हणून.

हे ग्रुपवर टाकलं तर एका काकांचा लगेच प्रश्न: “मग कार्पेट एरिया फुग्याचा धरायचा की कवचाचा?”