नवं वर्ष आखाजीचं की जानेवारीचं? खान्देशातल्या एका जुन्या सवयीची पार्श्वभूमी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की जळगावात भरताच्या वांग्यांना आणि जिमच्या पावत्यांना एकदमच मागणी येते. वांगी थंडीचीच, त्यात नवल नाही. जिमचं हे गेल्या काही वर्षांतलं. वजन उतरवायचं, चहातली साखर सोडायची, रोज पहाटे मेहरूण तलावाला चक्कर मारायची. या यादीत अलीकडे एक कलम वाढलंय: ‘यंदा टेन्शन घ्यायचं नाही.’

वर्ष उजाडलं की शरीराबरोबर मनाचीही झाडलोट करावी, ही कल्पना मोबाईलवरच्या शुभेच्छांबरोबर आली असा आपला समज होतो. खान्देशात ती आधीपासून होती. दिवस वेगळा होता, आणि ते काम एकट्यानं करायचं नसे.

आधी एक जानेवारीचं वय बघू. इसवी सनापूर्वी ४५ मध्ये ज्युलियस सीझरची सुधारलेली कालगणना रोममध्ये लागू झाली, तिचं वर्ष एक जानेवारीला सुरू होई. महिन्याला ज्याचं नाव आहे तो जेनस देव दोन तोंडांचा, एक मागे बघणारं, एक पुढे. संकल्पांचं मूळ त्याहूनही मागे, बाबिलोनपर्यंत नेतात. तिथलं नवं वर्ष वसंतात यायचं आणि लोक उसनं घेतलेलं परत करायचा शब्द देवाला देत, असं सांगितलं जातं. थोडक्यात, पहिला संकल्प वजनाचा नव्हता, देण्याघेण्याचा होता. हे खान्देशी माणसाला लगेच समजेल.

खरी गंमत इंग्लंडची आहे. तिथं कायद्यानं वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आगेमागे. एक जानेवारी ठरली १७५२ पासून. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा हे ‘इंग्रजी नवं वर्ष’ खुद्द इंग्रजांच्या कायद्यात जेमतेम ६६ वर्षांचं होतं. सरकारचा हिशेबही त्यावर चालला नाही. १८६७ पासून इथलं सरकारी आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होतं, ते आजतागायत. जानेवारी पसरला तो धुळ्याच्या कचेऱ्यांतून, शाळांतून आणि १८६०च्या दशकात भुसावळ रेल्वेचं गाव झालं तिथून. महिन्याचा पगार, हजेरी, भिंतीवरचं छापील कॅलेंडर. शिवारात त्याचं काही चालत नव्हतं. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ लोकांनी लक्षात ठेवला तो ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ होतं.

गावात वर्षं एकाहून जास्त होती. व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीच्या वहीपूजनाला. पंचांगाचं पाडव्याला. त्या दिवशी कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, ओवा, हिंग, चिंच वाटून केलेली गोळी नाक मुरडत गिळायची आणि मग साखरेचे हार-कडे चघळत बसायचं. लहानपणी वाटायचं, कडू गोळी ही हार-कड्याची किंमत आहे. पाडव्यानंतर खान्देशात ऊन तापायला लागतं आणि पूर्वी याच दिवसांत गोवर-देवीची धास्ती असे, त्यामुळे कडुनिंब दाराला, अंथरुणाखाली आणि पोटात, सगळीकडे जाई.

पण कष्टकऱ्याचं आणि बाईमाणसाचं वर्ष सुरू व्हायचं आखाजीला.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाख शुद्ध तीज. बाकी महाराष्ट्रात हा सोनं घ्यायचा दिवस. खान्देशात दिवाळीच्या बरोबरीचा सण, काही घरांत तर दिवाळीहून मोठा. कारण साधं आहे. एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत शेत रिकामं असतं. कापूस विकून झालेला, गहू-हरभरा घरात आलेला, पावसाला अवकाश. वर्षाची एक पाटी पुसून दुसरी लिहायची तर तेव्हाच.

सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, याच दिवशी मोकळा व्हायचा आणि याच दिवशी नव्यानं बांधला जायचा. साल ठरवायची बैठक ओट्यावर व्हायची: वर्षाचे पैसे किती, धान्य किती, धोतर, वहाणा, घोंगडी मिळणार की नाही, आगाऊ घेतलेली उचल किती फिटली, किती उरली. मालक बदलायचा असेल तर तोंड उघडायची संधी वर्षातून एवढी एकच. याला मानसिक आरोग्य म्हणायचं का? वर्षभर एकाच माणसाचा शब्द झेलणाऱ्याला ‘यंदा मी तुमच्याकडे नाही’ असं म्हणता येणं, याहून मोठा मोकळा श्वास कोणता असेल ते मला माहीत नाही. अर्थात उचल फिटलेली नसली की तेही म्हणता यायचं नाही, आणि बहुतेकांची ती फिटत नसे. आखाजीच्या कौतुकात हा भाग सहसा गाळला जातो.

लेकीबाळींचं वर्ष तर उघडउघड या सणाला बांधलेलं. ‘आखाजीले ये’ हा निरोप आला की सासुरवाशीण मुराळ्याची वाट बघत बसायची. भाऊ गाडी जुंपून घ्यायला यायचा. माहेरी आलं की लिंबाच्या नाहीतर आंब्याच्या फांदीला दोर टाकून झोके, गौराईची स्थापना, हातावर मेंदी, आणि गाणी. गाण्यांत सासू, नणंद, दीर सगळ्यांची खरडपट्टी निघायची. जे बोललं असतं तर घर फुटलं असतं ते गाण्यात चालून जायचं, कारण गाणं कुणा एकीचं नसतं. झोक्यावर उभ्या असलेल्या दोघींनी एक ओळ म्हणायची, खाली बसलेल्यांनी उचलून धरायची. गौराई बोळवायच्या दिवशी काही ठिकाणी शेजारशेजारच्या गावांच्या बाया समोरासमोर येत आणि एकमेकींना यथेच्छ शिव्या मोजत. पुरुषांनी त्यात पडायचं नाही, असा अलिखित करार होता.

हे सगळं वाचून गहिवरून येण्याआधी एक हिशेब मांडावा. तीन-चार दिवस माहेरी, बाकीचं वर्ष सासरी. एवढा मोठा झडपेचा सण लागत होता, म्हणजे आत वाफही तेवढीच कोंडत होती.

आखाजीचा आणखी एक भाग शांत असतो आणि मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो. घागर भरणं. कुंभाराकडून आणलेली नवी घागर, पाण्यानं भरलेली. तिच्या तोंडावर मातीचं छोटं भांडं. त्यावर डांगर, म्हणजे आपलं खरबूज, नाहीतर आंबा, आणि एखादी सांजोरी. वर्षातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं ही घागर पुजायची. दुपारी पुरणपोळी, आमरस, कुरडई-पापड असं ताट झालं की चुलीतले निखारे बाहेर ओढून त्यावर तुपाचा आणि अन्नाचा घास सोडायचा. त्याला आगारी टाकणं म्हणतात. धूर डोळ्यांत जातो. आमच्या घरी आजोबा गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला वडील आगारीपाशी बराच वेळ बसून होते. धुराचं निमित्त असल्यामुळे डोळे का पाणावले हे कुणी विचारलं नाही. एरवी आमच्याकडे पुरुषानं रडायची सोय फारशी नाही.

सुतक तेरा दिवसांत फिटतं, दुःख फिटत नाही. खान्देशात ज्या घरी माणूस गेलं तिथं पहिला सण जड जातो हे गावाला ठाऊक असतं, म्हणून भाऊबंद त्या दिवशी मुद्दाम येऊन जेवतात. समुपदेशनाच्या पुस्तकात याला काही तरी नाव असणार.

सणाला काळी बाजूही होती. पत्ते. आखाजीला जुगार चालतो, त्या दिवशी दोष लागत नाही, असं सांगत कैक घरांनी बायकांचे दागिने आणि कापसाचे पैसे घालवले आहेत. पोलिसांच्या धाडींच्या बातम्या अजूनही येतात.

आणि भीती होतीच. खान्देशातल्या कित्येक गावांत बारागाड्या ओढतात, कुठे पाडव्याला, कुठे आखाजीला, कुठे आषाढात. बारा बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, त्यांत माणसं भरायची, आणि अंगात आलेल्या भगतानं त्या कमरेला बांधून ओढायच्या. नाव कधी खंडेरायाचं, कधी मरीमातेचं. मरी म्हणजे पटकी, कॉलरा. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली पटकी १८१८ मध्ये दख्खन पार करून मुंबईपर्यंत पोचली, म्हणजे नवा अंमल आणि नवी साथ इकडे एकाच साली आली. पुढे प्लेग आला, १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. औषध नव्हतं तेव्हा गावानं आपली भीती गाडीत घालून वेशीपर्यंत ओढत नेली. भगताला मी वकीलपत्र देत नाही. त्याच्या नादानं दवाखान्याचा रस्ता चुकलेले रोगी अजून दिसतात, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज त्यामुळेच पडली. तरी ‘घरात काय चाललंय?’ हे विचारायला त्याच्यापाशी वेळ असे, एवढं खरं.

डॉक्टरी बाजूचा इतिहास अगदी तोकडा आहे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं. खान्देशात एकही नाही. जळगावहून रेल्वेनं ठाणं आणि नागपूर दोन्ही साधारण चारशे किलोमीटर. त्यामुळे मनाचा आजार म्हणजे ‘ठाण्याला नेलं’ अशीच त्याची ओळख झाली आणि तीही टोमणा म्हणून. १९१२ चा कायदा नावापासूनच वेड्यांचा कायदा होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला आणि तो जिल्ह्यापर्यंत उतरवायची योजना १९९६ मध्ये. २०१७ च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क ठरवला आणि आत्महत्येच्या प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून न बघता तीव्र ताणाचं लक्षण म्हणून बघायला सांगितलं. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना या शेवटच्या तरतुदीचं वजन वेगळं सांगायला नको. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही मोफत फोनसेवा आहे. रात्रीबेरात्री लागते, मराठीत बोलता येतं.

तरी ओपीडीत बसलेली बाई ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत नाही. ती म्हणते, डोकं धरलंय, हातपाय गळतात, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो. डॉक्टर बीपी बघतात, गोळी देतात. कधी घरचं विचारलं तर मग डोळ्याला पदर.

जानेवारीच्या उदासीबद्दल जे लेख हल्ली मराठीत फिरतात ते बहुतेक थंड देशांतून आलेले असतात. हिवाळ्यात उजेड कमी झाल्यानं येणाऱ्या नैराश्याचं वर्णन अमेरिकेत १९८४ मध्ये झालं, तो खरा आजार आहे. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. आपल्याकडे सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास भरतो. आणि जानेवारीतला तिसरा सोमवार म्हणजे वर्षातला सर्वांत उदास दिवस, ही गोष्ट २००५ मध्ये ब्रिटनमधल्या एका पर्यटन वाहिनीच्या जाहिरातीसाठी रचलेली. खान्देशात जानेवारी हा उलट बऱ्यापैकी सुखाचा महिना. थंडी, मेथी, हरभऱ्याचे घाटे, संक्रांतीचा तीळ. इथला जीव खरा कासावीस होतो तो मेमध्ये: पारा ४५च्या घरात, विहिरीला तळ, बियाण्याला पैसे नाहीत, सोसायटीचं कर्ज थकलेलं. आखाजी नेमकी तिथं बसवलेली आहे. ज्यानं कुणी बसवली त्याला शिवार कळत होतं.

आता सालदार मिळत नाही. मिळाला तर अटी तोच घालतो, हे चांगलंच झालं. सासुरवाशीण आईशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलते, तिला मुराळ्याची गरज उरली नाही. झोके सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोखंडी स्टँडवर लागतात. गाणी येणाऱ्या बाया साठीच्या पुढे गेल्या. उरलं ते आंब्याचा रस आणि सोन्याच्या दुकानाची जाहिरात. आणि वर्ष बदलायचं काम जानेवारीकडे गेलं, ज्याला ना झोका आहे ना घागर.

खान्देशानं त्यावर आपल्या पद्धतीनं तोड काढली आहे. एकतीस डिसेंबरला शहरातली मंडळी गावाकडच्या शेतात भरीत पार्टीला जमतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा, मोठी हिरवी वांगी त्यात टाकायची, साल काळी होऊन फुटली की काढायची. मग लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेचायचं. वर कच्चं तेल, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, नाहीतर पुऱ्या. हात काळे होतात, मोबाईल आपोआप बाजूला पडतो. गेल्या वर्षी आम्ही असेच आठ-दहा जण शेकोटीपाशी होतो. कुणी बापाच्या ऑपरेशनचं सांगत होता, कुणी मुलाचं लग्न जमत नाही म्हणून. बाराला पाच मिनिटं असताना शेतवाला दादा उठला. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्री बाराला यायची. आम्ही ‘हॅपी न्यू इयर’ म्हणेपर्यंत तो बॅटरी घेऊन विहिरीकडे गेला होता. मोटर चालू झाल्याचा आवाज आला. आमच्यातले दोघं, ज्यांनी सकाळपासून पायी चालायचा संकल्प केला होता, ते त्याच्या मागे गव्हाला पाणी लावायला गेले.