विनोदी खून वेगळा, काळा विनोद वेगळा

आमचा भाचा इंदूरात स्टँडअप करतो. कॅफेंमधले ओपन माइक, कधीमधी कॉलेजचे कार्यक्रम, बरं चाललंय. आता त्यानं पहिली कादंबरी लिहिलीये आणि फाइल पाठवून म्हणाला, मावशी वाच, डार्क कॉमेडी आहे, क्राइम. वाचली, दोनदा वाचली. क्राइम होता, कॉमेडी होती, डार्क म्हणावं असं फक्त कव्हर होतं. काळ्यावर रक्ताचा थेंब आणि त्या थेंबाला हसरं तोंड. असलं कव्हर बघितलं की माझं डोकंच फिरतं.

घोळ त्याच्या एकट्याचा नाहीये. खून आणि जोक एका पुस्तकात दिसले की लोक डार्क कॉमेडी म्हणून मोकळे होतात, आणि मी दर वेळी तेच समजावत बसते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

विनोदी रहस्यकथा तुम्हाला माहितीच आहे. ज्याच्यासाठी कुणी रडणार नाही असा खडूस घरमालक मरतो, एक विसरभोळा इन्स्पेक्टर, एक चोंबडी शेजारीण, शेवटी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून उलगडा. मला आवडतात, प्रवासात अजून वाचते. त्यातला विनोद पोह्यांवरच्या शेवेसारखा. इंदूरात आपण शेव कशावरही घालतो, पण ती बाजूला सारली तरी खाली पोहे असतातच. जोक काढले तरी खून, संशयित, उलगडा सगळं जागच्या जागी राहतं.

काळा विनोद म्हणजे भुट्ट्याचा कीस. त्यातून भुट्टा काढलात तर कढईच उरेल. हसू त्या मरणातूनच आलेलं असतं, आणि मरण खरं असतं, कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं.

बाकीचे फरक फुटकळ आहेत. रक्त किती, शिव्या किती (शिव्या घातल्या की डार्क झालं असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणं सोडलंय), खुनी सापडतो की सुटतो, यानं काही ठरत नाही. ठरतं एकाच गोष्टीनं, आणि स्टँडअपवाले नेमके तिथेच घसरतात. गोष्टीतल्या माणसांना आपण विनोदी आहोत हे माहीत आहे का?

स्टेजवर माहीत असावंच लागतं. सेटअप म्हणजे जोकची तयारी, पंच म्हणजे हसवणारं वाक्य, लोक हसत असतानाच वर अजून एक टॅग म्हणजे जोडवाक्य, आणि हसले नाहीत तर पुढच्या रांगेतल्या टकल्या काकांना धरायचं. हसणारा समोर असतो, त्याच्याशी डोळा मारायची सोय असते. काळ्या विनोदात डोळा मारला की खेळ संपला. हा प्रकार काही ओटीटीवाल्यांनी काढलेला नाही, आंद्रे ब्रेताँ या फ्रेंच कवीनं १९४० मध्येच काळ्या विनोदाचं एक संकलन काढलं होतं आणि त्यात पहिला मान दिला होता जोनाथन स्विफ्टला. या स्विफ्टनं १७२९ मध्ये गरीब आयरिश लोकांनी आपली तान्ही पोरं श्रीमंतांना खायला विकावीत अशी योजना लिहिली, वजन, भाव, एका पोरात किती जण जेवतील, सगळा हिशेब मांडून. लिहिणारा एकदाही हसत नाही, तो बिचारा देशाचं भलं करायला निघालाय. म्हणून तर अंगावर येतं.

आता भाच्याचं बघा. त्याच्या गोष्टीत रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्याच्या गर्दीत, एका काकांचा खून होतो. खून केलाय जावयानं. पुढे दहाव्याला सगळे घाटावर, पिंड मांडलाय, आणि कावळा शिवत नाही. मस्त जागा मिळाली होती! पण यानं काय केलं, तर मेहुणा म्हणतो कावळ्यालापण स्लॉट मिळाला नसेल, गुरुजी म्हणतात ऑनलाइन पेमेंट केलं का, आणि शेवटी कावळा इन्स्पेक्टरच्या टोपीवर शिटतो. ओपन माइकला हे हमखास चालेल, पण इथे तिथे उभा असलेला प्रत्येक जण कॉमेडियन झालाय आणि काका गेलेत याचं कुणालाच काही नाही.

मी म्हटलं, एकही जोक न घालता लिही. ऊन चढतंय. काकू म्हणतात, नातीचं लग्न थाटात करू हो. कावळा नाही. मोठा मुलगा म्हणतो, फ्लॅट विकणार नाही. बायको त्याच्याकडे बघते, कारण टोकन घेऊन झालंय. कावळा नाही. धाकटा म्हणतो, तुमची स्कूटर भंगारात देणार नाही. सगळ्यांनी आपापलं बोलून झालं, गुरुजींना पुढच्या ठिकाणी जायचंय, ते दर्भाचा कावळा करायला घेतात, आणि मागे उभा असलेला जावई, ज्याला रात्रभर झोप नाही, तो ओठातल्या ओठात म्हणतो, बरं, कबूल करतो. कावळा झपकन उतरतो. काकू रडत त्याचाच हात धरतात, काय बोललात हो जावईबापू, आम्हालाही सांगा.

यात कुणीच विनोद करत नाहीये. काकूंना खरंच जाणून घ्यायचंय. आणि तो कावळा काढला तर पुढची गोष्टच नाही, कारण आता सगळं घर जावयाच्या मागे लागणार, की दिलेला शब्द पाळा.

गंमत म्हणजे एका ठिकाणी त्याला हे आपोआप जमलं होतं. गेर संपते तशी महापालिकेची माणसं उतरतात आणि बघता बघता रस्ता धुऊन चकाचक. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आहे आपला, तर त्याच कौतुकाच्या झाडूनं सगळे पुरावे गटारात, आणि लोक टाळ्या वाजवतायत. वाचताना मी मोठ्यानं हसले. पण लगेच खाली हवालदाराचं वाक्य, भिया, पुराव्यातही आपण नंबर वन! अरे, कळलं होतं की आम्हाला.

एक गोष्ट मात्र कॉमेडियनला आधीच येत असते, कॉलबॅक. पहिल्या पाच मिनिटांत टाकलेली गोष्ट शेवटी परत आणायची, रहस्यकथेतला धागा म्हणजे जवळपास तेच. फक्त कॉलबॅकची गोष्ट लोकांच्या लक्षात राहायला हवी आणि धागा लोक विसरायला हवेत, त्यामुळे धाग्याच्या वाक्यावर पंच ठेवायचा नाही. यानं जावयाच्या हातावरच्या न निघणाऱ्या हिरव्या रंगावर तीन जोक केलेत. खुनी मला तिथेच कळला.

बाकी किरकोळ. १ जुलै २०२४ नंतरच्या खुनाला ३०२ लावू नका, आता भारतीय न्याय संहितेचं १०३ आहे. आणि इंदूर शहरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, शहराचे प्रमुख आता आयुक्त, तरी प्रत्येक कादंबरीत एसपी साहेब राजवाड्यावर येतातच. स्टेजवर तीनसोदो म्हटलं की वजन येतं, मान्य, तर मग जुन्या वकिलाच्या तोंडी घाला.

परवा त्याचा मेसेज आला, मावशी, चाळीस जोक काढले, शेवटच्या प्रकरणात कावळा परत आणू का? आण म्हटलं, फक्त त्याला डायलॉग देऊ नकोस.